दहा वर्षांच्या लॅपटॉपवर साडेअकरा हजार रुपये घालावेत का?

पत्र : महोदय, मी अकोट येथील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. शिक्षणसेवकाची तीन वर्षे संपून नियमित वेतन सुरू झाल्यावर, 2016 च्या जूनमध्ये, मी स्वतःच्या पैशांतून पहिला लॅपटॉप घेतला. त्यात 5व्या पिढीचा कोअर आय-3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज 10 आहे. प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, यू-डायस या शासकीय पोर्टलवर शाळेची माहिती भरणे आणि वर्गात कधीमधी व्हिडिओ दाखवणे एवढाच त्याचा वापर आहे. आता तो सुरू होऊन हाताशी यायला सात-आठ मिनिटे लागतात, बॅटरी वीस मिनिटांत संपते आणि कीबोर्डवरची तीन बटणे चालत नाहीत. दुरुस्तीवाल्यांनी हार्ड डिस्कच्या जागी बसवायच्या 512 जीबी एसएसडीचे 4,200, 8 जीबी रॅमचे 2,300, बॅटरीचे 2,400, कीबोर्डचे 1,600 आणि मजुरीचे 1,000 असा एकूण 11,500 रुपयांचा खर्च सांगितला आहे. माझे दीर म्हणतात की जुन्यावर पैसे घालू नका, 42 हजारांत नवीन येतो. मुलगी बारावीला आहे आणि तिला इंजिनिअरिंगला जायचे आहे. दुरुस्त केल्यास तिलाही पुढे हाच लॅपटॉप चालेल का? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : सप्रेम नमस्कार, ताई. आपण किमतींसकट सगळा तपशील दिलात, त्यामुळे मलाही मोघम न बोलता नेमके उत्तर देता येते. या लॅपटॉपवर खर्च करावा, परंतु साडेअकरा हजार नव्हे, साधारण सहा हजार. आणि तो खर्च केवळ आपल्या शाळेच्या कामासाठी करावा, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या आशेने करू नये. दुरुस्तीवाल्यांनी सांगितलेल्या चार वस्तूंपैकी एक घ्याच, दुसरी निम्मी घ्या आणि उरलेल्या दोन सोडून द्या. असे का म्हणतो, ते आता सविस्तर लिहितो, कारण कारण कळले तर दुकानात कोणी काही वेगळे सुचवले तरी आपल्याला स्वतःला ठरवता येईल.

जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत "कोणता पार्ट बदलू?" हा प्रश्न नेहमी दुसरा असतो. पहिला प्रश्न हा की लॅपटॉप जेव्हा थांबतो, तेव्हा तो नेमकी कशाची वाट पाहत असतो? मी स्वतः 2017 साली हा पहिला प्रश्न न विचारता माझ्या संथ झालेल्या लॅपटॉपमध्ये जास्तीची रॅम बसवून घेतली होती. घरी येऊन बटण दाबले, तर सुरू व्हायला पूर्वीइतकाच वेळ लागला. रॅम खराब नव्हती आणि दुकानदाराने फसवलेही नव्हते. माझा लॅपटॉप रॅमची वाट पाहतच नव्हता, तो हार्ड डिस्कची वाट पाहत होता. पुढे सहा महिन्यांनी डिस्क बदलली तेव्हा खरा फरक पडला. आपली ती चूक टळावी म्हणून एक छोटी तपासणी सांगतो. तिला खर्च नाही आणि ती घरीच होते.

उद्या सकाळी लॅपटॉप पूर्ण बंद अवस्थेतून सुरू करा आणि पडदा दिसू लागताच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. तिच्यातील परफॉर्मन्स या विभागात डाव्या बाजूला सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन आलेख असतात. पहिली पाच मिनिटे दुसरे काहीही न उघडता फक्त ते पाहत बसा. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून मला जवळजवळ खात्री आहे की डिस्कचा आलेख 100 टक्क्यांना चिकटून बसलेला दिसेल आणि त्याच वेळी सीपीयू 15-20 टक्क्यांवर रेंगाळत असेल. त्याहून बोलका आकडा डिस्कच्या आलेखाखाली, वाचनाच्या वेगाचा असतो. डिस्क शंभर टक्के कामात गुंतलेली असूनही तो वेग सेकंदाला एखाद-दोन एमबी इतकाच दिसतो.

यामागचे कारण यांत्रिक आहे. अशा लॅपटॉपमधील हार्ड डिस्क सामान्यतः मिनिटाला 5400 फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला 90. एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवी ती माहिती सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी सुई योग्य जागी सरकायला आणखी बाराएक मिलिसेकंद जातात. म्हणजे डिस्कवरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तुकडे वाचायचे असतील, तर सेकंदाला पन्नास-साठ तुकड्यांच्या पुढे ती जाऊच शकत नाही. एक मोठा चित्रपट सलग वाचायचा असेल तर हीच डिस्क सेकंदाला 100 एमबीच्या आसपास वाचते, पण विंडोज सुरू होताना आणि त्याच्या मागोमाग अँटिव्हायरस, अपडेट व ब्राउझर उठताना हजारो छोट्या फाइली चारी दिशांनी मागितल्या जातात आणि तिथे सगळे काम खोळंबते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. कोणताही तुकडा तिला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या वेळात सापडतो, म्हणजे शोधण्याचा वेळ शे-दीडशे पटीने घटतो. त्यामुळे आपली सात-आठ मिनिटे अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतील, असे मी निःशंकपणे सांगतो. दहा वर्षांच्या लॅपटॉपला एका पार्टने इतका फरक पडतो असा दुसरा पार्ट नाही.

म्हणून एसएसडी घ्याच. आपण घेतलात त्या काळातील लॅपटॉपला अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी लागते. जुनी डिस्क काढून तिच्याच जागी ती बसते. दुकानात "एनव्हीएमई जोडणीची एसएसडी जास्त वेगवान असते" असे कोणी म्हणाले तर ते खरे आहे, पण त्या वर्षीच्या बहुतेक आय-3 लॅपटॉपमध्ये तिची जागाच नसते, आणि असली तरी आपल्या कामात फरक जाणवणार नाही. साटा एसएसडी सेकंदाला 500 एमबीच्या आसपास वाचते आणि प्रश्नपत्रिकेला ते पुरून उरते. एसएसडी "लिहून लिहून झिजते" ही भीतीही मनातून काढून टाका. साध्या 240 जीबीच्या एसएसडीवरसुद्धा 80 टीबीच्या आसपास लिखाणाची हमी आढळते. रोज 20 जीबी लिहिले, आणि आपण इतके कधीच लिहिणार नाही, तरी वर्षाला सात-साडेसात टीबीच होतात, म्हणजे अकराएक वर्षे निघतात. आपल्याला सांगितलेली 512 जीबीची एसएसडी मला मान्य आहे, कारण हा लॅपटॉप थकला तरी ती वाया जात नाही. यूएसबीच्या छोट्या डबीत घातली की ती बाहेरून जोडायची डिस्क होते आणि पुढच्या कोणत्याही यंत्राला चालते.

हा "पुढे चालते की नाही" हा मुद्दा मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण जुन्या यंत्रावर पैसे घालताना माझी कसोटी तीच असते. लॅपटॉप बंद पडल्यावर ज्या वस्तूचे पैसे हातात राहतात, तिच्यावर थोडे सढळ व्हावे. ज्या वस्तूचे पैसे त्याच्याबरोबर बुडतात, तिच्यावर हात आखडता घ्यावा.

आता रॅम. ती बुडणाऱ्यांपैकी आहे, कारण आपल्या लॅपटॉपला डीडीआर-3-एल प्रकारची रॅम लागते आणि आजच्या डीडीआर-4 किंवा डीडीआर-5 च्या लॅपटॉपमध्ये ती बसत नाही. तरीही थोडी रॅम वाढवावी लागेल. 4 जीबीमध्ये विंडोज आणि अँटिव्हायरस यांनी आपली जागा घेतली की ब्राउझरच्या पाच-सहा खिडक्यांना जागा उरत नाही, आणि जागा संपली की विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर हलवू लागते. एसएसडीवर ते पूर्वीइतके जाचत नाही, परंतु यू-डायसचे पान, एक्सेलचा तक्ता आणि एखादा पीडीएफ एकाच वेळी उघडे असतील तर अडखळणे राहीलच. मात्र 8 जीबीची पट्टी घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्येच मेमरीवर क्लिक करून पाहा. तिथे एकूण किती खाचा आहेत आणि त्यांपैकी किती वापरात आहेत, ते लिहिलेले असते. दोनपैकी एक वापरात असेल, तर जुनी 4 जीबीची पट्टी तशीच ठेवून शेजारी आणखी एक 4 जीबीची बसवा. एकूण 8 जीबी होतात, खर्च जवळजवळ निम्मा होतो, आणि दोन पट्ट्या जोडीने काम करत असल्यामुळे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही थोडा हातभार लागतो. एकच खाच असेल तर मात्र 8 जीबीला पर्याय नाही.

रॅम घेताना एक अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. लॅपटॉपमधील रॅमची पट्टी साधारण बोटभर लांबीची असते आणि तिच्यावर पांढरे लेबल असते. त्या लेबलवर जुन्या साध्या प्रकाराला पीसी-3 आणि आपल्याला हव्या असलेल्या प्रकाराला पीसी-3-एल असे छापलेले असते. फरक त्या एका एल चा, म्हणजे 1.5 ऐवजी 1.35 व्होल्टचा आहे. दोन्हींची लांबी, 204 पिना आणि मधली खाच अगदी सारखी असल्यामुळे चुकीची पट्टीही खाचेत टकदिशी बसते, पण 5व्या पिढीच्या प्रोसेसरला ती चालत नाही आणि लॅपटॉप सुरू न होता काळा पडदा दाखवत राहतो. त्या क्षणी "बोर्ड गेला" असे निदान होऊन आणखी खर्च निघू शकतो. त्यापेक्षा लेबल आधी पाहिलेले बरे.

एक सूचना क्रमाबद्दल. आधी फक्त एसएसडी बसवून आठ दिवस काम करा, आणि मगच रॅमसाठी परत जा. त्या आठ दिवसांत नेहमीचे काम चालू असताना मेमरीचा आकडा 85-90 टक्क्यांच्या वर राहतो का, ते पाहा. राहील असे मला वाटते, पण न राहिल्यास आपले तेवढे पैसे वाचतील.

बॅटरी आणि कीबोर्ड यांबाबत माझे मत थोडक्यात सांगतो. दोन्ही वस्तू या लॅपटॉपबरोबरच संपणाऱ्या आहेत. आपला लॅपटॉप घरी टेबलावर आणि शाळेत वर्गातल्या बोर्डाजवळ, म्हणजे दोन्हीकडे विजेच्या प्लगपाशी चालतो. वीज गेल्यावर फाइल जतन करून लॅपटॉप नीट बंद करायला वीस मिनिटे पुरेशी आहेत. बॅटरीवर 2,400 रुपये घालण्याची गरज मला दिसत नाही. शिवाय दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलला बाजारात मिळते ती बहुधा दुसऱ्याच कोणी बनवलेली बॅटरी असते आणि तिच्या टिकाऊपणाचा भरवसा देता येत नाही. एक अपवाद मात्र कटाक्षाने पाळा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, टचपॅड वर उचललेला वाटत असेल किंवा तळाचे झाकण फुगलेले दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. तशी बॅटरी एक दिवसही वापरू नका, तिला टोचू-दाबू नका, आधी ती काढून घ्या. लिथियमची फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. कीबोर्डसाठी यूएसबीचा बाहेरून जोडायचा साधा कीबोर्ड घ्या. तो अंतर्गत कीबोर्डपेक्षा बराच स्वस्त पडतो, पूर्ण आकाराचा असल्यामुळे मराठी टायपिंगला हाताला बरा पडतो आणि पुढच्या लॅपटॉपलाही चालतो.

ज्या गोष्टीसाठी दुरुस्तीवाल्यांनी पैसे सांगितले नाहीत, पण जी मी आपल्या गावी अगत्याने करून घेईन, ती म्हणजे पंख्याची सफाई. अकोला जिल्ह्याचा उन्हाळा 44-45 अंशांपर्यंत जातो हे मी आपल्याला सांगायला नको. पंख्याच्या तोंडाशी, जिथून गरम हवा बाहेर पडते त्या जाळीच्या आतल्या बाजूला, दहा वर्षांत धुळीचा जाड नमदा बसतो. बाहेरून तो दिसत नाही. पंखा काढला की कापडाच्या तुकड्यासारखा अख्खा उचलून निघतो. हवा अडली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, मग एप्रिल-मे महिन्यांत लॅपटॉप जानेवारीपेक्षा संथ वाटतो. झाकण उघडलेच आहे तर ही सफाई करून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून द्या, असे आधीच सांगा. कीबोर्ड बदलण्याचे मोठे काम आपण कमी करत आहोत, तेव्हा सांगितलेल्या हजाराच्या मजुरीत हे बसावे.

आपण मराठीच्या शिक्षिका आहात, त्यामुळे एक अडचण इतरांपेक्षा आपल्याला अधिक संभवते. एसएसडी बसवताना दुकानात "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो" असे सहज म्हटले जाते, आणि एरवी ते वाईटही नसते. पण आपल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या विंडोजमध्ये त्या उघडल्यावर मराठीच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण वाचता येत नाही, आणि चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री हे कळले तर काय अवस्था होते ते मी एका मुख्याध्यापक मित्राच्या घरी पाहिले आहे. म्हणून आपण जुन्या डिस्कचे क्लोनिंग करून मागा, म्हणजे जुन्या डिस्कवरचे सगळे, विंडोज, फॉन्ट, टायपिंगची सॉफ्टवेअरे आणि फाइली, जशाच्या तशा एसएसडीवर उतरवून मागा. त्यासाठी जुन्या डिस्कवर भरलेली जागा नव्या एसएसडीपेक्षा कमी असायला हवी, एवढी एकच अट आहे. व्हिडिओ आणि फोटो आधी पेन ड्राइव्हवर हलवले की ती सहज पूर्ण होते. विंडोजचा परवाना जाईल अशी चिंता नको. तो मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्कशी नाही.

यापुढे नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवाय कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या पद्धतीत, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करायला सुरुवात करा. याचा संबंध थेट पुढच्या मुद्द्याशी आहे.

तो मुद्दा म्हणजे विंडोज 10. या प्रणालीला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव सोय ठेवली आहे आणि ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला, तर तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमधील अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. ती आजच करून टाका. विंडोज 11 साठी इंटेलचा साधारणपणे 8व्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि आपला 5व्या पिढीचा आहे. एसएसडी घाला, रॅम घाला, ही अट काही पूर्ण होत नाही. काहीजण आडमार्गाने विंडोज 11 टाकून देतात, पण तशा लॅपटॉपला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या यंत्रावरून आपण शाळेची माहिती भरता आणि कदाचित बँकेचे व्यवहारही करता, त्यावर हा प्रयोग मी करणार नाही.

मग ऑक्टोबरनंतर काय? माझ्या मते तेव्हा या लॅपटॉपची कामे वाटून द्यावीत. इंटरनेटवरचे सगळे काम, म्हणजे पोर्टल, मेल आणि व्हिडिओ, लिनक्स मिंटवर न्यावे. ती मोफत प्रणाली आहे, एसएसडी आणि 8 जीबी रॅमवर या प्रोसेसरने ती छान चालते आणि तिच्यात मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहे. तिच्यावरच्या लिबर ऑफिसमध्ये वर्ड आणि एक्सेलच्या साध्या फाइली उघडतात. जुन्या पद्धतीची मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरे मात्र तिथे चालत नाहीत, म्हणून त्याच एसएसडीवर विंडोजही शेजारी राहू द्यावे आणि इंटरनेटला न जोडता जुन्या प्रश्नपत्रिका काढण्यापुरते वापरावे. सुरू होताना कोणती प्रणाली हवी ते निवडता येते. युनिकोडची सवय आतापासून लावा असे मी म्हटले ते यासाठीच. सवय लागली की हा बदल आपल्याला जड जाणार नाही.

खर्च केल्यावर काय बदलणार नाही, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. प्रोसेसर तोच राहील, त्याला दोनच गाभे (कोअर) आहेत. हल्लीचे पुष्कळ व्हिडिओ ज्या नव्या पद्धतींनी दाबून लहान केलेले असतात, त्या उलगडण्याची खास सोय या जुन्या चिपमध्ये अपुरी आहे किंवा नाहीच. ते काम प्रोसेसरला अंगमेहनतीने करावे लागते, म्हणून व्हिडिओ चालू असताना पंखा मोठ्याने फिरेल. वर्गात दाखवताना व्हिडिओचा दर्जा 720 वर ठेवा, सुरळीत चालेल. पडदाही तोच राहील आणि बिजागरीही तीच राहील. बिजागरी एकदा झाकण सावकाश उघडून तपासा. उघडताना कडकड वाजत असेल किंवा कडेचे प्लास्टिक उकलत असेल, तर माझा सल्ला बदलतो: तेव्हा फक्त एसएसडी घ्या, बाकी एक रुपयाही घालू नका.

आता आपल्या दिरांचे म्हणणे. ते चुकीचे नाही. फक्त हिशेब वर्षांनी मांडायला हवा. एसएसडी, निम्मी रॅम आणि मजुरी मिळून आपला खर्च सहा-साडेसहा हजारांच्या घरात जाईल. लॅपटॉप आणखी दोनच वर्षे चालला असे धरले, तरी वर्षाला तीन-सव्वातीन हजार पडले, आणि दोन वर्षांनंतर एसएसडी हातात उरली. 42 हजारांचा नवीन लॅपटॉप सहा वर्षे चालला तर वर्षाला 7 हजार पडतात. आपल्या कामाला नव्या लॅपटॉपची जास्तीची ताकद लागणारच नसेल, तर तो फरक कशासाठी द्यायचा? पण पूर्ण साडेअकरा हजार घातले तर वर्षाला पावणेसहा हजार होतात, दहा वर्षांच्या मदरबोर्डचा धोका आपल्याच माथी राहतो, आणि मग मी दिरांच्याच बाजूने कौल देईन. 2025 च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे रॅम आणि एसएसडी यांचे भाव चढले आहेत. नव्या लॅपटॉपमध्येही हेच दोन्ही पार्ट असल्यामुळे त्याचीही किंमत यातून सुटत नाही. आपल्याला सांगितलेले भाव त्या दिवसापुरते समजा आणि जाण्याआधी फोन करून विचारा.

वापरलेला, कंपन्यांमधून निघालेला 8व्या पिढीचा आय-5 लॅपटॉप हा तिसरा मार्ग आहे आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. त्याच्यावर विंडोज 11 रीतसर चालते आणि गाभे दोनऐवजी चार मिळतात. आपला लॅपटॉप आज बंद पडला असता तर मी हाच मार्ग सुचवला असता. तो घेताना लेखी वॉरंटी घ्यावी, लॅपटॉप सुरू करणाऱ्या बायोस या मूळ प्रोग्रामला आधीच्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही हे दुकानातच पाहावे आणि विंडोजमधील पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता व आजची पूर्ण चार्ज क्षमता यांतले अंतर वाचावे.

मुलीच्या लॅपटॉपबद्दल मात्र जुन्यात गुंतू नका आणि नव्याची घाईही करू नका. हा लॅपटॉप इंजिनिअरिंगची चार वर्षे निभावणार नाही. मेकॅनिकल किंवा सिव्हिलला कॅडची सॉफ्टवेअरे लागतात, कॉम्प्युटरला अँड्रॉइड स्टुडिओसारखी अवजारे लागतात, आणि दोन्हींना 16 जीबी रॅम व नव्या पिढीचा प्रोसेसर असलेला बरा. पण कोणती शाखा मिळेल हे कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या संपेपर्यंत आपल्याला ठाऊक नाही. ग्राफिक्स कार्ड हवे की नको, वजन किती चालेल, हे शाखेवर आणि वसतिगृहावर ठरेल. प्रवेश पक्का होऊ द्या, विभागाकडून काय लागते ते विचारून घ्या, पहिले काही आठवडे कॉलेजच्या लॅबमध्ये भागतेच. दिरांनी काढलेले 42 हजार त्या दिवसासाठी राखून ठेवा. तोवर सीईटीच्या सराव चाचण्या आणि प्रवेशाचे अर्ज यांना आपला दुरुस्त झालेला लॅपटॉप उत्तम पुरेल, आणि आई-मुलीला एकाच यंत्रासाठी थांबावे लागणारे दिवसही कमी होतील.

दुकानात जाण्याआधी एक काम घरीच उरका. निकालपत्रके, प्रश्नपत्रिका आणि सेवापुस्तिकेचे स्कॅन पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण दहा वर्षांची डिस्क क्लोनिंगच्या ताणात दगा देऊ शकते. डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल तर हे आजच करा. शक्य असेल तर अकोल्याला सुटीच्या दिवशी सकाळी जा आणि काम होईपर्यंत तिथेच बसा. एसएसडीचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, आणि बसवल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून ती आतापर्यंत किती तास चालली आहे तो आकडा पाहा. नव्या एसएसडीवर तो एक-दोन तासांच्या वर नसावा. मला एका दुकानात नवीन म्हणून दिलेल्या एसएसडीवर तो हजारांत होता. पाहिला म्हणून लगेच बदलून मिळाली. बिलावर एसएसडीचा अनुक्रमांक लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

आणि जुनी हार्ड डिस्क त्याच दिवशी स्वतःच्या पिशवीत घालून घरी आणा. "एक्स्चेंजमध्ये दोनशे कमी करतो" असे कोणी म्हटले तरी देऊ नका. यू-डायससाठी भरलेली मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक आणि पालकांचे फोन दहा वर्षांच्या फाइलींत तिच्यावर पडून आहेत, आणि नुसते डिलीट केल्याने ते जात नाहीत. महिनाभर ती तशीच कपाटात ठेवा, नव्या एसएसडीवर सगळे उघडते आहे याची खात्री करा, त्यानंतर यूएसबीच्या डबीत घालून पूर्ण फॉरमॅट करा, क्विक फॉरमॅट नव्हे, आणि मग तीच डिस्क प्रश्नपत्रिकांच्या बॅकअपसाठी वापरा.